मायनर ओटी बांधण्याआधी एकदा ट्रे हातात घेऊन चालून बघा

मी डॉक्टर नाही, सिस्टर आहे. मिरजेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, केला आणि त्यानंतरची ३१ वर्षं मिरज-सांगलीतल्या दवाखान्यांत हत्यारांचे ट्रे लावण्यात गेली. सध्या सांगलीच्या गावभागात एका जनरल सर्जनकडे आहे. आमच्याकडे बेड नाहीत. सकाळी ओपीडी, दुपारी आणि संध्याकाळी सातनंतर मायनर ओटी, म्हणजे छोट्या शस्त्रक्रिया. टाके, गळू, चरबीची गाठ, रुतलेलं नख, कुरूप, जड कर्णफुलांनी फाटलेली कानाची पाळी, शुगरच्या पेशंटच्या पायाचं ड्रेसिंग. ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीत कात्री लागलेली बोटं येतात, दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते सुरू होतात, आणि कडबाकुट्टीला तर मोसमच नाही.

सरांचे जुने विद्यार्थी आता आपापले दवाखाने काढताहेत. आमची खोली बघायला येतात, फोटो काढतात, टेबल कुठून घेतलं विचारतात, लाइट कितीला पडला विचारतात. वापरलेला ट्रे कुठे जातो, हे आजवर एकानेही विचारलं नाही. म्हणून लिहायला बसले.

प्लगची गोष्ट

२००६ साली मी एका दुसऱ्या दवाखान्यात होते. नाव राहू दे. खोली ऐसपैस, १४ बाय १८ फूट, फरशीत तोंड दिसेल अशी. फक्त वापरलेली सुई कापणारा नीडल कटर दाराजवळ होता, कारण इलेक्ट्रिशियनने प्लग तिथे दिला होता. टाके झाले, मी ट्रे उचलला, टेबलाला वळसा घालून दाराकडे निघाले आणि नेमका तेव्हाच पेशंटचा भाऊ दार ढकलून आत आला. धक्का लागला, ट्रे तिरका झाला, सुई ग्लव्हमधून अंगठ्यात. पेशंटचा रिपोर्ट नव्हता. मला २८ दिवस एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या घ्याव्या लागल्या. रोज मळमळ. मुलगी दुसरीत होती, तिला सांगितलं आईला पित्त झालंय. पुढचे रिपोर्ट चांगले आले. पण त्या सहा महिन्यांत मी जेवढा त्या प्लगचा विचार केला तेवढा कुठल्याच माणसाचा केला नसेल. कटर टेबलाजवळ असता तर मी सुई घेऊन चाललेच नसते.

तेव्हापासून कुठलीही खोली मी एकाच नजरेने बघते. स्वच्छ ट्रे कुठून निघतो, घाण झाल्यावर कुठे जातो, आणि या दोन वाटा कुठे एकमेकींना छेदतात का. डॉक्टर लोक खोली टेबलापासून आखायला घेतात. मी ट्रेपासून घेते. टेबल एका जागी उभं असतं. चालतो तो ट्रे.

वाट अशी हवी. कपाटातून स्वच्छ ओट्यावर, ओट्यावरून टेबलाशेजारच्या छोट्या मेयो ट्रॉलीवर, काम झालं की सुया आणि ब्लेड जागच्या जागी डब्यात, उरलेला ट्रे धुण्याच्या खोलीत, तिथे धुणं-पुसणं-पॅकिंग, मग ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारणारं यंत्र), आणि तिथून पुन्हा कपाटात. सगळं एकाच दिशेने. गणपतीच्या देवळात आपण प्रदक्षिणा अर्ध्यातून उलटी फिरत नाही, तसं. घाण ट्रे ज्या ओट्यावर टेकला, त्याच ओट्यावर पाच मिनिटांनी निर्जंतुक सामानाचा ड्रम उघडला जात असेल तर तुमच्या इटालियन टाइल्सचा काही उपयोग नाही.

खडू

२०१९ च्या पुरानंतर आमचा दवाखाना जवळजवळ नव्यानेच करावा लागला. तेव्हा सरांनी आर्किटेक्टचा नकाशा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, सिस्टर, तुम्हीच सांगा. मला नकाशा वाचता येत नाही. मी म्हटलं, खोली रिकामी आहे तोवर मला एक दुपार द्या.

खडूची पेटी आणली. टेबल साधारण ६ फूट बाय २ फूट असतं, तेवढा चौकोन फरशीवर आखला. कपाटांच्या जागी वर्तमानपत्रं पसरली. ट्रॉलीच्या जागी खरी ट्रॉली ठेवली. आमच्या कंपाउंडर मामांना चौकोनात आडवं व्हायला सांगितलं, सर उजवीकडे उभे राहिले आणि मी रिकामा किडनी ट्रे घेऊन एक पूर्ण गळू फोडल्याचं नाटक केलं. सात वेळा केलं. पहिल्या आखणीत एका केसला माझी ४० पावलं होत होती, शेवटच्या आखणीत १५. त्यात दोनदा सरांच्या पाठीला माझा ट्रे घासला. नकाशात ते कधीच दिसलं नसतं, कारण नकाशात सरांना पाठ नसते.

प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यायच्या आधी हे करा. भिंतीत एकदा पाइप गेला की मग खोली प्लंबरच्या मर्जीने चालते. आणि ट्रे जी माणसं उचलणार आहेत, त्यांना बोलवा. सिस्टर, मावशी, मामा. आमच्या मावशींनी एका वाक्यात धुण्याच्या खोलीचं दार बदलायला लावलं. म्हणाल्या, ‘माझ्या दोन्ही हातांत सामान असतं, मी कडी कुठल्या हाताने काढू?’ आता ते दार दोन्ही बाजूंना ढकलून उघडतं.

आमची खोली ११ बाय १३ फूट आहे. याहून मोठी मिळाली तर घ्या, पण मायनर कामाला एवढी पुरते. टेबल लांबीच्या भिंतीला समांतर. डोक्याकडे ३ फूट मोकळे, पायाकडे ४ फूट. जागा वाचवायला लोक टेबलाचं डोकं भिंतीला टेकवतात, ते करू नका. पेशंटला काही झालं तर ॲम्बू बॅग (दाबून श्वास द्यायची पिशवी) धरणारा माणूस डोक्यामागेच उभा राहतो. भिंतीत कसा उभा राहील? पायाकडे चार फूट अशासाठी की रुतलेलं नख आणि पायाचं ड्रेसिंग सर तिकडे स्टूल ओढून बसून करतात.

स्वच्छ ओटा एका लांब भिंतीला, दोन फूट खोल. पायाकडच्या भिंतीमागे ५ बाय ६ फुटांची धुण्याची खोली. तिच्या दारातून घाण ट्रे आत जातो आणि त्याच भिंतीत, ओट्याच्या टोकावर उघडणाऱ्या एका खिडकीतून ऑटोक्लेव्ह झालेला ड्रम थेट ओट्यावर येतो. खिडकी दोन फूट बाय दोन फूट, सरकत्या काचेची. गवंडी म्हणाला होता, ताई, हॉटेलात असते तशी का? म्हटलं, हो, तशीच, फक्त इथून खरकटं परत जायचं नाही.

वेगळ्या खोलीला जागाच नसेल तर एकाच खोलीत स्वच्छ बाजू आणि घाण बाजू समोरासमोरच्या भिंतींना ठेवा, शेजारी नको. टेबल मधे येतं तेच कुंपण.

पाणी

दोन सिंक हवीत. हात धुण्याचं वेगळं, हत्यारं धुण्याचं वेगळं. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. जागा नाही म्हणून एकच सिंक ठेवणारे दवाखाने मी बरेच पाहिले. तिथे सकाळी आर्टरी फोर्सेपवरचं रक्त धुतलं जातं, मग त्याच नळाला डॉक्टर हात लावतात आणि दुपारी त्याच सिंकमध्ये जेवणाचे डबेही धुतले जातात.

हात धुण्याचं सिंक दारातून आत आल्याबरोबर पाहिजे, म्हणजे विसरायला सवड राहत नाही. नळ कोपराने चालणारा, मान उंच आणि वाकडी. पाण्याची धार थेट जाळीवर पडायला नको, नाहीतर ट्रॅपमधली घाण उडून हातावरच येते. धार पुढे, जाळी मागे. स्वच्छ ओट्यापासून हे सिंक निदान एक मीटर लांब, ते जमत नसेल तर मधे काचेची उभी पट्टी लावा. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून आम्ही समोर सेकंद काट्याचं घड्याळ लावलंय. सरही बघतात. आणि नॅपकिन लटकवू नका. सकाळचा नॅपकिन संध्याकाळपर्यंत सगळ्या दवाखान्याचा होतो. टिश्यूचा डबा भिंतीला, खाली पायाने उघडणारी बादली.

हत्यारांचं सिंक खोल हवं, निदान १० इंच. ब्रशने घासताना पाण्याखाली घासायचं असतं, उथळ सिंकमध्ये शिंतोडे तोंडावर येतात. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. सुरुवातीला ऑटोक्लेव्हमध्ये तेच घालायचो, तर वर्षाच्या आत हीटरवर पांढरा थर बसला आणि कात्र्यांवर डाग. आता शेवटचं खंगाळणं आणि ऑटोक्लेव्हचं पाणी दोन्ही डिस्टिल्ड.

तिसरी जागा कुठल्याही पुस्तकात नसेल, पण आपल्या भागात लागतेच. पाय धुण्याची. फडातून आलेल्या माणसाच्या पायावर गुडघ्यापर्यंत चिखल असतो. कोयत्याच्या जखमेवर हळद दाबलेली असते, कधी चुना, कधी कॉफी पावडर, हल्ली टूथपेस्टसुद्धा. सांगलीत हळदीला काय तोटा! मार्केट यार्डातल्या हमालांच्या तर हातावरचा पिवळा रंगच जात नाही. हे सगळं टेबलावर काढत बसलात तर अर्धा तास तिथेच जातो, गादी भिजते आणि पाणी वायरींकडे जातं. आम्ही खोलीच्या बाहेर, व्हरांड्याच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीचा कट्टा, त्याला समोर उतार, हँड शॉवर आणि बाकड्याएवढी बसायची जागा केली. मावशी तिथे पाय धुतात. निम्मं काम आत येण्याआधीच होतं, आणि पेशंटही जरा शांत होतो. कुणीतरी आपला पाय धुतंय हे बघूनच काही जण ओशाळतात.

फरशी, भिंती

इथे फार वेळ घालवत नाही. सांधे कमी असलेल्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सांध्यांत सिमेंट नको तर इपॉक्सी, ओल्या पायाला घसरणार नाही असा पृष्ठभाग, आणि फरशी भिंतीला मिळते तिथे काटकोनाऐवजी गोलाई. कोपऱ्यात पोछा पोचत नाही, गोलाईत पोचतो. प्रोसिजरच्या खोलीत फरशीत पाणी जायची न्हाणी काढू नका, झुरळं तिथूनच येतात. भिंतींना धुता येईल असा रंग, गडद नको. फॉल्स सिलिंग आमच्याकडे नाही, मला आवडतही नाही. वर उंदीर नाचला तरी कळत नाही.

लाइट

सरांनी पहिला लाइट ऑनलाइन मागवला होता. खूप प्रकाश, पण सर खाली वाकले की त्यांच्याच डोक्याची सावली जखमेवर. एकच बल्ब असला की असंच होतं. मल्टी-एलईडीचा, बऱ्याच ठिकाणांहून प्रकाश येणारा घ्या. विकत घेण्याआधी त्याच्याखाली पांढरा गॉज ठेवा आणि मधे हात आडवा धरा. गॉजवर हाताची कडक काळी सावली पडली तर परत पाठवा.

दुसरी परीक्षा रंगाची. निळसर लाइटखाली हळद आणि पू सारखेच दिसतात. हसू नका, खरंच. जखमेत पिवळं दिसतंय ते घरचं औषध की कुजलेला थर, हे डोळ्यांना कळलं पाहिजे. दुकानदाराला सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, विचारा, ९० च्या वर हवा. आमच्या सरांनी तर दुकानात खिशातून दोन गॉज काढले होते, एक हळदीचा आणि एक बिटाडिनचा पुसट डाग असलेला. दुकानदार बघतच राहिला.

छताचा लाइट स्लॅबला अँकर बोल्टने बसवा. लाइटचा हात पूर्ण ताणून पेशंटच्या कानापर्यंतही पोचतो आणि पायाच्या अंगठ्यापर्यंतही, हे बसवण्याआधी दोरीने मोजा. आणि टेबल असं ठेवा की खिडकीचं ऊन डॉक्टरांच्या डोळ्यांवर येणार नाही. खिडकीला खालच्या निम्म्या भागात दुधी काच, बाहेर जाळी.

वीज आणि हवा

प्लग ही माझी दुखरी नस आहे, माहीतच आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर प्लग द्या. चालायच्या वाटेवर वायर आडवी गेली की कुणीतरी अडखळणारच, बहुतेक मीच. कॉटरीला (विजेने डागून रक्त थांबवणारं यंत्र) स्वतंत्र प्लग. ऑटोक्लेव्हला १६ ॲम्पियरची स्वतंत्र लाइन, नाहीतर तो चालू केला की बाकी सगळं मिणमिणतं. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) लावा, पाणी आणि वीज एकाच खोलीत आहेत. ओटीचा लाइट आणि रक्त-पाणी ओढून घेणारं सक्शन इन्व्हर्टरवर. टाका अर्धा असताना लाइट गेल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना मी सांगायला नको.

कॉटरी आहे तिथे भिंतीवर एक पाटी लावा: स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी नाही. आमच्याकडे लाल अक्षरात आहे.

एसी लावा, पण स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो, बाहेरची आणत नाही. एक्झॉस्ट फॅन प्रोसिजरच्या खोलीत नको, धुण्याच्या खोलीत लावा. म्हणजे हवा स्वच्छ खोलीतून घाण खोलीकडे खेचली जाते. ट्रेच्याच वाटेने, बघा. काम चालू असताना छताचा पंखा बंद. पात्यांवर बसलेली धूळ उघड्या जखमेवर येते, आणि सांगलीच्या रस्त्यांची धूळ काही थोडी नाही.

डबे

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे चार रंग आहेत. रक्त-पू लागलेले गॉज, कापूस, काढलेली गाठ, मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. ग्लव्हज, सलाइनच्या नळ्या, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात. काचेच्या बाटल्या, अँप्यूल निळ्यात. आणि कचरा प्रक्रियेविना ४८ तासांहून जास्त ठेवता येत नाही. दवाखाना छोटा आहे, आपल्याला काय करायचंय, असं म्हणू नका. बेड नसले तरी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या संस्थेशी करार लागतो.

हे सगळ्यांना पाठ असतं, चुकतं ते डब्यांच्या जागेत. चारही डबे दाराजवळ रांगेत उभे केले की फोटोत छान दिसतात. पण पांढरा डबा हाताच्या अंतरावर पाहिजे. सरांचा हात जिथे सुई सोडतो तिथून दीड फुटावर, ट्रॉलीच्या कडेला अडकवलेला. सुईवर टोपण परत घालायचं नाही, सुई हातात घेऊन एक पाऊलही चालायचं नाही. नीडल कटर त्याच ट्रॉलीवर, आणि आता तो हाताने चालणारा आहे, प्लग लागतच नाही. पिवळा आणि लाल टेबलाच्या पायाकडे, झाकण पायाने उघडणारं. निळा धुण्याच्या खोलीत, अँप्यूल ओट्यावरच फुटतात पण त्यांची घाई नसते.

रक्त सांडलं तर लागणारं सामान एका बादलीत तयार ठेवा: ग्लव्हज, जुने कपडे, एक टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी). हायपो रोजचं रोज करायचं, कालचं वापरायचं नाही. बाटलीवर तारीख लिहायची पट्टी लावलीये, नाही लिहिली तर मावशी ओतून देतात आणि कुणाला विचारतही नाहीत.

ऑटोक्लेव्हबद्दल एवढंच. १२१ अंशाला, १५ पौंड दाबावर, बांधलेल्या ड्रमला आम्ही ३० मिनिटं देतो. वेळ शिट्टीपासून मोजायची नाही, दाब पूर्ण झाल्यावर मोजायची. ड्रमला इंडिकेटर टेप, त्यावर तारीख. टेप काळी झाली म्हणजे वाफ लागली एवढंच कळतं, जंतू मेले की नाही हे बघायला अधूनमधून स्पोअर टेस्ट, म्हणजे जंतूंच्या टणक बीजांवरची चाचणी, करावी लागते. उकळत्या पाण्यात हत्यारं टाकून ‘स्टराइल’ म्हणणं बंद करा. स्पोअर उकळून मरत नाहीत.

जीव घाबरण्याची जागा

मायनर म्हटलं तरी पेशंट कधी कोसळेल सांगता येत नाही. बहुतेक वेळा नुसती चक्कर असते, टेबल डोक्याकडून खाली करता आलं की दोन मिनिटांत डोळे उघडतात. म्हणून टेबल घेताना डोकं खाली जातं का ते आधी बघा, बाकी बटणं नंतर.

खरं काही झालं तर लागणारं सामान एका लाल ट्रेमध्ये, डोक्याकडच्या भिंतीला, कुलूप न लावता. ॲम्बू बॅग, एअरवे (श्वासाची वाट उघडी ठेवणारी नळी), ॲड्रेनलिन, सलाइनचा सेट. बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर शेजारी, साखळीने बांधलेला. भरलेल्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ६ लिटर लावला तर चार तास. पण गेज रोज सकाळी बघायचं, ते मी बघते आणि वहीत सही करते. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: इंजेक्शनची जोरदार ॲलर्जी, मोठा माणूस, ॲड्रेनलिन अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अशा वेळी पाठ असलेलंही आठवत नाही.

त्याच्याखाली दुसरा तक्ता आहे, सरांच्या हातचा. किती किलोच्या माणसाला किती मिली झायलोकेन, म्हणजे जागा बधिर करायचं औषध, चालतं. दोन टक्क्यांच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम असतं, आणि मर्यादा वजनावर ठरते. तर मग वजनकाटा? तो बहुतेक ठिकाणी ओपीडीत असतो. आमचा प्रोसिजरच्या दाराबाहेर आहे. आत येताना काट्यावरूनच यावं लागतं.

नातेवाइकांचं काय करायचं? आत घेऊ नका म्हणायला सोपं आहे. सहा वर्षांच्या पोराच्या हनुवटीला टाके घालायचे तर आई लागतेच. मग तिच्यासाठी टेबलाच्या डोक्याजवळ भिंतीला टेकून एक पाठीची खुर्ची ठेवा आणि उभं राहू देऊ नका. मी पडलेली माणसं मोजलेली नाहीत, पण पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त पडलेत, आणि त्यातही पैलवान गडी आधी पडतात.

दार असं बसवा की ते उघडलं तरी बाहेरच्या बाकावरून टेबल दिसू नये. आमचं दार उघडताना त्याचं पानच टेबलाला आडोसा करतं. शिवाय पडदा आहेच. दाराची रुंदी ४ फूट, व्हीलचेअर आणि स्ट्रेचर दोन्ही जातात. दार रुंद केलं म्हणून गवंड्याने कुरकुर केली होती, पण पहिल्याच महिन्यात मोटारसायकलवरून पडलेल्याला रिक्षातून उतरवून फळीवर आणला तेव्हा तोच गवंडी बाहेर उभा होता, बिलासाठी.

कृष्णामाई

हे फक्त सांगलीकरांसाठी. बाकीचे पुढे जाऊ शकतात.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या दवाखान्यात चार फूट. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर प्लायवूडची कपाटं फुगून उघडीच पडली होती आणि ऑटोक्लेव्हमध्ये गाळ होता. सरांना सगळ्यांनी सांगितलं, विश्रामबागला जा, उंचावर आहे. सर म्हणाले, पाय कापलेला म्हातारा गावभागातून विश्रामबागला कसा जाईल. आणि पहिल्या मजल्यावर तरी कसा चढेल. तळमजलाच ठेवला, खोली बदलली.

प्लग सगळे पाच फुटांवर. पाच फुटांवर प्लग दिसायला विचित्र दिसतो, दिसू दे. मुख्य बोर्ड त्याहून वर. प्लायवूड कुठेच नाही, कपाटं स्टीलची आणि पायांवर फूटभर उंच. खाली पोछाही जातो, पाणीही जातं. ऑटोक्लेव्ह चाकांच्या स्टँडवर, दोन माणसांनी उचलून जिन्यावर नेता येईल एवढाच घेतला. भिंती सुकायला मात्र आम्ही थंडी संपेपर्यंत थांबलो. शेजारच्यांनी दिवाळीतच ऑइलपेंट मारला, तो संक्रांतीला पापुद्रे होऊन खाली आला. ओल्या भिंतीवर काहीही मारलं तरी ती ते परत करते.

धुण्याच्या खोलीच्या दारामागे एक यादी आहे. ३५ फूट झालं की काय वर न्यायचं, कोणत्या क्रमाने, कुणी. आधी सक्शन आणि कॉटरी, मग ऑटोक्लेव्ह, मग ड्रम, मग औषधं, शेवटी सिलिंडर. भरलेला कचरा त्याच दिवशी गाडीला द्यायचा, पुराच्या पाण्यात पिवळी पिशवी तरंगताना बघायची नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, तेव्हा आमचं सगळं तीन तासांत वर होतं.

बसायचं

एक राहिलंच. टेबलाची उंची डॉक्टरांच्या कोपराएवढी वर-खाली झाली पाहिजे, नाहीतर वयाच्या पन्नाशीला कंबर जाते. स्टूल पाच चाकांचं, पायाने उंची बदलता येणारं, कारण ग्लव्हज घातलेल्या हाताने स्टुलाखाली चाचपडायचं नसतं. सरांकडे तसं आहे, चांगलं आहे.

ट्रे लावणाऱ्या बाईलाही बसायला लागतं. तासभर चाललेल्या गाठीच्या केसमध्ये मी उभीच असते, आणि माझ्यासाठी जे स्टूल आहे ते प्लास्टिकचं आहे, जत्रेत मिळतं तसं. खडूच्या नकाशात मी त्याची जागा स्वतः आखली होती, जागा अजून तिथेच आहे. मागच्या दिवाळीपासून सांगतेय. सर हे वाचणार आहेत, म्हणून इथे लिहून ठेवते: उंची २२ इंच, गादी काळी, चाकांना ब्रेक.